फोडणी की वघार? डिंडोलीच्या स्वयंपाकघरातील मराठीचा इतिहास

सुरत आणि मराठी माणूस हे शब्द शेजारी आले की आपल्या इतिहासकारांची लेखणी 1664 कडे धावते, फार तर 1670 कडे. त्या दोन स्वाऱ्यांवर आजवर विपुल लेखन झाले. परंतु गेल्या अर्धशतकात त्याच सुरतेत जो मराठी समाज लुटायला नव्हे तर राबायला आला, यंत्रमागावर उभा राहिला, रंगाई-छपाईच्या गिरण्यांत आणि साड्यांच्या बाजारपेठांत घाम गाळू लागला, त्याच्याविषयी मराठीत फारच थोडे लिहिले गेले आहे. लिंबायत, उधना, गोडादरा, नवागाम आणि डिंडोली या वस्त्यांतून हिंडताना कानांवर जी भाषा पडते ती जळगाव, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांतून आलेली आहे. तिच्या बोलण्यात खानदेश आहे आणि ताटातही खानदेशच आहे.

सीमाभागात भाषेचा लढा लढताना आम्ही आयुष्यभर जनगणनेचे तक्ते, सात-बाराचे उतारे, शाळांची हजेरीपुस्तके आणि पाट्यांची छायाचित्रे गोळा करत आलो. खेडे हा घटक, भाषिक बहुसंख्या, भौगोलिक सलगता आणि लोकेच्छा ही चतुःसूत्री आमच्या पिढीने पाढ्यासारखी पाठ केली. डिंडोलीला यांतले काहीच लागू पडत नाही. तेथील मराठी माणसाला कोणताही भूभाग मागायचा नाही. तो महाराष्ट्राच्या सीमेपासून सुमारे शंभर किलोमीटर आत, परक्या राज्यातील एका महानगराच्या कडेला राहतो आणि तेथेच राहणार आहे. त्याची भाषा टिकते की जाते याचा निवाडा कोणत्याही आयोगापुढे होणार नाही. आमच्या मते तो स्वयंपाकघरात होईल, किंबहुना होऊ लागला आहे, आणि त्यातला एक महत्त्वाचा साक्षीदार म्हणजे ओट्यावर तेलाच्या बरणीला टेकवून ठेवलेला मोबाईल.

आधी रस्ता सांगितला पाहिजे. तापी खोऱ्यातून सुरतेला अमळनेरशी जोडणारा लोहमार्ग 1900 च्या सुमारास पुरा झाला. आज उधन्याहून निघालेली गाडी डिंडोलीच्या कडेने बारडोली, व्यारा, सोनगड करत नवापूरला येते. नवापूरचे स्थानक दोन राज्यांत विभागलेले आहे. फलाटाचा एक भाग गुजरातेत, दुसरा महाराष्ट्रात. पुढे नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगाव आणि जळगाव. सुमारे 300 किलोमीटरचा हा मार्ग कापूस आणि धान्य वाहण्यासाठी बांधला गेला असला तरी त्याने सर्वांत जास्त वाहिली ती माणसे. आणि माणसांबरोबर पिशव्यांतून बिबडे, कुरडया, काळा मसाला, कळण्याचे पीठ. गावाकडून येणारी ही पिशवी डिंडोलीतील मराठी घराची खरी नाळ होती. ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेले कळण्याचे पीठ तेथल्या दुकानात मागितले तर दुकानदाराला ते समजावून सांगावे लागे.

पिशवीतून पीठ आले, पण पीठ मळणारा हात मात्र गावीच राहिला. स्थलांतराच्या इतिहासात या गोष्टीची नोंद सहसा होत नाही. तरुण जोडपे सुरतेला आले, सासू शेतीवर राहिली. मुलगी वयात येताना आईशेजारी चुलीपुढे बसून शिकते, लग्न झाल्यावर सासूच्या हाताखाली पुन्हा शिकते, हा दुहेरी अभ्यासक्रम एका खोलीच्या घरात तुटला. आई साड्यांना लेस लावण्याचे, टिकल्या चिकटवण्याचे काम घरी आणून दिवसभर मान मोडून बसणार, तेव्हा खापरावरचे मांडे ती कधी शिकवणार? आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशिणी माहेरी जात, तेवढेच चार दिवस शिकवणीचे. ज्यांना रजा मिळाली नाही त्यांचे तेही गेले. एकेकट्या आलेल्या तरुणांची गत तर याहून वाईट, कारण त्यांना घरात कोणी कधी काही शिकवलेच नव्हते.

अशा माणसाने पुस्तकातून शिकावे, असे कोणी म्हणेल. मराठीत पाकशास्त्राच्या छापील पुस्तकांची परंपरा अभिमान वाटावा इतकी जुनी आहे. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ 1875 चे. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया’ 1910 चे. कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ 1970 साली आली आणि तिने वाटी-चमच्याच्या मापाने महाराष्ट्रातील दोन-तीन पिढ्यांच्या नवविवाहितांना हात दिला. ‘अंदाजाने’ या एका शब्दापाशी अडलेल्या मुलींना ‘दोन वाट्या’ हे उत्तर मिळाले, ही लहान क्रांती नव्हे. मूठ, चिमूट, ओंजळ, पसा ही मापे शिकवणाऱ्या बाईच्या हातावर अवलंबून असतात. वाटी कोणाचीही चालते.

परंतु छापील पाकशास्त्राचा हा सारा प्रवाह मुख्यतः मुंबई-पुण्याच्या, कोकणाच्या आणि देशावरच्या शिक्षित घरांतून वाहिला. त्याची भाषा प्रमाण मराठी होती. खानदेशाला त्यात मिळालेली जागा पाहुण्यासारखी, एखाद्या भरताची किंवा शेवभाजीची. डुबुकवडे, फुनके, घोटलेली वांग्याची भाजी, गंगाफळाची भाजी हे पदार्थ घराघरांत रोज शिजत होते, पण कागदावर नव्हते. आणि जे कागदावर नव्हते ते शिकवणारी भाषाही कागदावर नव्हती.

याच प्रदेशातले एक उदाहरण येथे आठवते. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी (1880–1951) यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांनी घरकाम आणि शेतकाम करताना रचलेली गाणी त्यांचे पुत्र सोपानदेव आणि आप्त यांनी टिपून ठेवली म्हणून 1952 साली ती आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह ग्रंथरूपाने आली. मुलाने वही घेतली नसती तर मराठीचे किती नुकसान झाले असते, हे आपण व्याख्यानांतून नेहमी सांगतो. बहिणाबाईंच्या शेजारच्या ओसरीवर भाकरी थापणाऱ्या बायका जे बोलत होत्या ते टिपायला मात्र कोणी वही घेतली नाही. पाककृती सांगणे हे कोणाला वाङ्मय वाटले नाही.

वही नव्हती, पण पुढे कॅमेरा आला. प्रथम दूरचित्रवाणीचा. 1993 साली सुरू झालेल्या ‘खाना खजाना’ने हिंदीत, आणि नंतर ‘आम्ही सारे खवय्ये’सारख्या कार्यक्रमांनी मराठीत, स्वयंपाक पाहून शिकण्याची सवय लावली. त्यात अडचण एवढीच की कार्यक्रम ठरलेल्या वेळी लागे, कामाची पाळी त्या वेळी असे, आणि एकदा पाहिलेले पुन्हा पाहता येत नसे. यूट्यूब 2005 मध्ये जन्मले, 2008 मध्ये त्याची भारतीय आवृत्ती आली. 2009 मध्ये मधुरा बाचल यांनी मराठी पाककृतींची वाहिनी सुरू केली, तेव्हा मराठी स्वयंपाक या माध्यमात पाऊल टाकत होता. डिंडोलीच्या घरात मात्र ही गोष्ट पोहोचली ती सप्टेंबर 2016 नंतर, जिओ आल्यावर, जेव्हा मागावरच्या कामगारालाही रोज तासन् तास चित्रफिती पाहणे परवडू लागले. पुढे मार्च 2020 ची टाळेबंदी आली. माग थांबले, बाजार बंद झाले, खानावळींची कुलपे पडली, आणि ज्यांनी आयुष्यात कधी कणीक मळली नव्हती ते पुरुषही मोबाईलसमोर परात घेऊन बसले. त्याच वर्षी नगर जिल्ह्यातील सारोळा कासार येथील सुमन धामणे या ज्येष्ठ बाई, नातवाने चित्रित केलेल्या ‘आपली आजी’ या वाहिनीमुळे घरोघरी पोहोचल्या. बहिणाबाईंच्या मुलाची वही आणि या नातवाचा मोबाईल यांचे नाते आम्हाला अगदी जवळचे वाटते.

आता डिंडोलीच्या विशेष स्थितीकडे वळू. सुरत महानगरपालिकेच्या प्राथमिक शाळा गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू आणि इंग्रजी अशा सात माध्यमांतून चालतात. आमच्या भागातील राज्यकर्त्यांना हे वाक्य दोनदा वाचून दाखवावे असे आहे. मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाच्या सोयी देण्यास सांगणारे संविधानातील 350-अ हे कलम 1956 च्या सातव्या दुरुस्तीने आले. त्याचा आदर राखणारी एक नगरपालिका सुरतेत आहे. 2023 साली गुजरातने पहिली ते आठवी सर्व शाळांत गुजराती अनिवार्य करणारा कायदा केला, त्याविषयीही आमची तक्रार नाही. ज्या राज्यात राहावे त्याची भाषा यावी, हे आम्ही महाराष्ट्रात आग्रहाने सांगतो, तर गुजरातेत ते नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

तथापि सोय असणे वेगळे आणि तिचा लाभ घेतला जाणे वेगळे. पुढच्या शिक्षणाकडे आणि नोकरीकडे पाहून डिंडोलीतले अनेक पालक मुलांना गुजराती किंवा इंग्रजी माध्यमात घालतात. ही मुले घरी अहिराणी बोलतात, गल्लीत हिंदी, वर्गात गुजराती. मराठी त्यांना ऐकून कळते, पण वाचताना अडते. अशा मुलीच्या हाती ‘रुचिरा’ दिली तर ती पानावरून बोट फिरवत बसेल. तीच पाककृती कोणी बोलून दाखवली तर पुरणाच्या शेवटच्या घोटणीपर्यंत तिला सर्व समजते. तिच्यासाठी मराठी ही लिपी नसलेली, केवळ नादाची भाषा आहे. शंभर वर्षांपूर्वी तिच्या पणजीसाठीही ती तशीच होती. मधली छापील पायरी या घराने चढलीच नाही. ते थेट ओसरीवरून पडद्यावर आले.

म्हणूनच पडद्यावर कोणता शब्द उच्चारला जातो याला महत्त्व आहे. ‘फोडणी’ हा शब्द त्या मुलीने आईच्या तोंडून ऐकलेला असतो. शेजारीण ‘वघार’ म्हणते. हिंदी चित्रफितीत ‘तडका’ असतो. तिन्हींत तेल तापते आणि मोहरी तडतडते, म्हणून काय बिघडले असे विचारता येईल. परंतु भाजी आणि शाक, वांगे आणि रींगण, पीठ आणि लोट, लाटणे आणि वेलण, तवा आणि लोढी अशा जोड्या मांडत गेलो की लक्षात येते, स्वयंपाकघर हा शे-दोनशे रोजच्या शब्दांचा खजिना आहे, आणि शाळेत न शिकलेली भाषा एवढ्यावरच उभी असते. दळणाच्या जागेचे पाहा. बहिणाबाईंच्या बोलीत ‘घरोट’, पुढच्या पिढीत ‘चक्की’ किंवा ‘गिरणी’, आणि डिंडोलीत ‘घंटी’, कारण गुजरातीत पिठाच्या चक्कीला घंटी म्हणतात. गावाहून आलेल्या आजीला नातीने “घंटीवर जाऊन येते” असे सांगितले, तर आजीला आधी देऊळ आठवेल.

शेवभाजीचे प्रकरण तर मुळातूनच पाहण्यासारखे आहे. भाजलेला कांदा, सुके खोबरे, लसूण आणि काळा मसाला यांच्या झणझणीत रश्शात जाड तिखट शेव सोडली की खानदेशी शेवभाजी होते. गुजरातेत ‘सेव-टामेटानुं शाक’ आहे. टोमॅटो परतून, गूळ किंवा साखर घालून, वरून शेव पेरलेले आंबटगोड. डिंडोलीत दोहोंची शेव एकाच फरसाणवाल्याकडून येते. मोबाईलला तोंडी विचारले तर पडदा कधी एक दाखवतो, कधी दुसरे, आणि ‘खानदेशी’ हे नाव लावलेल्या कित्येक चित्रफिती हिंदीत असतात, कारण हिंदीला प्रेक्षक अधिक. पदार्थ खानदेशचा, मसाला खानदेशचा, पण ‘तर्री’ कशी सुटते हे सांगणारी भाषा दुसरीच. पदार्थ टिकला म्हणजे त्याची भाषा टिकली असे आपण गृहीत धरतो. हे गृहीतक येथे उघडे पडते.

यात आणखी एक पेच आहे, आणि तो भाषाशास्त्राचा आहे. ‘वांग्याची भाजी’ ही प्रमाण मराठी. अहिराणीत ती ‘वांगानी भाजी’. गुजरातीत ‘रींगणनुं शाक’. चा-ची-चे, ना-नी-नं, नो-नी-नुं. मधल्या अहिराणीचा षष्ठीचा प्रत्यय गुजरातीशी हात मिळवतो. मराठीचे ‘आहे’ अहिराणीत ‘शे’, गुजरातीत ‘छे’. अशा साम्यांमुळेच ग्रिअर्सन यांच्या भाषिक पाहणीत मराठीचा खंड (1905) वेगळा आणि खानदेशीचा समावेश भिल्ली भाषांच्या भागात (1907), असे वर्गीकरण झाले. त्याचे पडसाद आजही आहेत. भारताच्या जनगणनेत अहिराणी सांगणाऱ्यांची गणना मराठीखाली होत नाही. ती ‘खानदेशी’ या स्वतंत्र, आठव्या अनुसूचीबाहेरच्या भाषेखाली होते. 2001 मध्ये ही संख्या सुमारे 20 लाख 75 हजार होती, 2011 मध्ये सुमारे 18 लाख 60 हजार. डिंडोलीतील एखाद्या घरात आजीने गणकाला ‘अहिराणी’ सांगितले आणि सुनेने ‘मराठी’, तर एका चुलीवर जेवणारी दोघी दोन भाषांच्या रकान्यांत जातात. सीमावादात हयात घालवलेल्या आमच्यासारख्यांना रकान्याची किंमत ठाऊक आहे.

म्हणजे डिंडोलीच्या स्वयंपाकघरात दोन ओढी आहेत. एक गुजराती-हिंदीची, जी बाहेरून येते. दुसरी पुण्या-मुंबईच्या प्रमाण मराठीची, जी आपलेपणाने येते आणि म्हणून कोणाला खटकत नाही. मराठीतील लोकप्रिय चित्रफिती बहुतांश प्रमाण भाषेतल्या. त्यांचे ऋण मोठे आहे. त्या नसत्या तर डिंडोलीची मुलगी हिंदीकडेच वळली असती. तरी त्या पाहून ती ‘भाकर’ सोडून ‘भाकरी’ म्हणू लागते आणि आजीच्या बोलण्याला गावंढळ समजू लागते, हेही तितकेच खरे. आमच्या चळवळीतील काही मित्र म्हणतात, प्रमाण मराठी आली तर वाईट काय, तेवढीच मराठी वाढली. हा हिशेब आम्हाला मान्य नाही. घरातली बोली गेली की प्रमाण भाषा धरून ठेवणारा हातही जातो. मग मुलीला पुण्याची मराठी आणि सुरतेची गुजराती सारख्याच परक्या, आणि दोन परक्यांत जी पोटापाण्याची ती जिंकते.

गेल्या काही वर्षांत अहिराणीतून बोलणाऱ्या चित्रफितीही येऊ लागल्या आहेत, ही यातली आश्वासक बाजू. खानदेशातील बायका आपल्याच अंगणात बसून, पऱ्हाट्यांच्या जाळावर भरताची वांगी भाजताना, आपल्याच बोलीत सांगू लागल्या. 2016 मध्ये जळगावच्या भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळाले. कायद्याने वांग्याला संरक्षण दिले. ते भाजायचे कसे, देठ का काढायचे नाहीत, कांद्याची पात केव्हा घालायची, हे सांगणाऱ्या शब्दांना असे कोणतेही मानांकन नाही. परंतु नोंद तरी होऊ लागली आहे. वकील म्हणून आम्हाला येथे एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. 1872 च्या पुराव्याच्या कायद्यात 2000 साली 65-ब हे कलम घातले गेले आणि इलेक्ट्रॉनिक अभिलेखाला न्यायालयाचे दार उघडले. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात तर ‘दस्तऐवज’ या शब्दाच्या व्याख्येतच इलेक्ट्रॉनिक अभिलेखाचा समावेश आहे. आजीने बोलून दाखवलेली डुबुकवड्यांची कृती हा आता शब्दशः दस्तऐवज आहे. भाषिक अल्पसंख्याकांच्या प्रश्नावर निवेदने लिहिताना आम्ही शाळा आणि वृत्तपत्रे मोजतो. हे दस्तऐवज मोजायला शिकले पाहिजे.

मात्र दस्तऐवज करताना काय घडते, तेही पाहिले पाहिजे. एका आखाजीला आम्ही डिंडोलीत होतो. दोन इमारतींमधल्या मोकळ्या जागेत तीन विटा मांडून, गावाहून गोणपाटात गुंडाळून आणलेले खापर उपडे घातले होते. गॅसच्या शेगडीवर हे जमत नाही. आमरसाबरोबर खायच्या पुरणपोळ्या करायच्या होत्या. पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांवर घेऊन, कोपरापर्यंत खेळवत, झुलवत ती बाई हात-दीड हात रुंदीची पोळी करत होती आणि जवळच्या दोघी-तिघी जणी, ज्यांनी ही क्रिया पडद्यावर पन्नासदा पाहिली होती, त्या हाताने करायला जाताच पोळी फाटत होती. पडदा कान आणि डोळे शिकवतो, मनगट शिकवत नाही. त्यासाठी तिच्याशेजारीच बसावे लागते.

तिची नात, नववी-दहावीतली मुलगी, मोबाईल धरून उभी होती. तिने विचारले, “काय करी राहिनी वं माय?” प्रश्न अहिराणीत होता. आजीने मोबाईलकडे पाहिले, पदर सारखा केला आणि उत्तर दिले ते शाळामास्तरांच्या मराठीत, “आता आपण येथे पुरणपोळी करत आहोत.” कोर्टात आम्ही हे तीस वर्षे पाहत आलो आहोत. साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहिला की स्वतःची बोली टाकून परकी भाषा बोलू लागतो, आणि जे काही स्वतःचे उरते ते न्यायाधीशांनी लघुलेखकाला सांगितलेल्या वाक्यांत विरून जाते. कागदावर साक्ष राहते, साक्षीदाराचे शब्द राहत नाहीत.

आम्ही नातीला सुचवले, चित्रण चालू राहू दे, पण मोबाईल त्या विटेला टेकवून ठेव आणि तू स्वतः आजीसमोर उंडा घेऊन बस. ती बसली. पहिली पोळी फाटली, दुसरी खापराच्या कडेवरून घसरली. तिसऱ्या वेळी आजीने तिचे मनगट धरले आणि मोबाईल विसरून ती तिला रागावू लागली. पुढची वीस मिनिटे ती अखंड अहिराणीत बोलत होती, आणि ते सारे त्या चित्रफितीत आले आहे.